टेंपरामेंट : ५ पैकी २

मागच्या उन्हाळ्यात बारा वर्षांच्या भाच्याला घेऊन एका क्रिकेट अकादमीच्या ट्रायलला गेलो होतो. सकाळी साडेसहाला नंबर लावला, साडेनऊला नाव पुकारलं. नेटमध्ये त्याच्या वाट्याला बारा चेंडू आले. पहिला त्याने सोडला, दुसरा पॅडवर आदळला, तिसऱ्याने बॅटची कड घेतली आणि चौथ्याने मधला स्टंप. बोल्ड झाल्यावर पोराने आधी मागे वळून बघितलं ते जाळीबाहेर उभ्या असलेल्या मामाकडे. उरलेले आठ चेंडू तो खेळला असं म्हणता येणार नाही, त्याने ते उरकले.

नंतर टेबलावरचा कागद मला उलटा दिसला. नाव, जन्मतारीख, उंची, उजवा की डावा, ग्रिप, फूटवर्क वगैरे. शेवटचा रकाना 'टेंपरामेंट', म्हणजे स्वभाव, आणि त्यापुढे ५ पैकी २. सरांनी चांगुलपणानेच सांगितलं, "साहेब, हात चांगलेत त्याचे. पण मुलगा आतून मऊ आहे. बाकी सगळं शिकवता येतं, हे नाही शिकवता येत."

सर माणूस वाईट नाहीत. उन्हात उभं राहून त्यांनी त्या दिवशी १४० मुलं बघितली, एकावरही आवाज चढवला नाही. पण त्यांच्या त्या शेवटच्या वाक्याशी मी तेव्हापासून मनातल्या मनात भांडतोय. माझं म्हणणं असं आहे की खेळाडूचा स्वभाव म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो त्यातलं बरंचसं शिकवलेलंच असतं. शिकवणारे फक्त सर नसतात. मैदान शिकवतं, सामने शिकवतात, आणि आज चुकलो तरी उद्या बॅट हातात येणार आहे ही खात्री शिकवते. ज्याला यातलं काही मिळालेलं नाही त्याच्या कागदावर स्वभावाचे गुण लिहिणं म्हणजे पोहायला न शिकलेल्या पोराला विहिरीत ढकलून 'याला पाण्याची आवड नाही' असा शेरा मारणं.

मुंबईच्या क्रिकेटचंच बघा. तिथला सगळा इतिहास आपण एका स्वभावदर्शक शब्दात गुंडाळून ठेवलाय : खडूस. घरगुती मराठीत खडूस म्हणजे अंगणात आलेला बॉल परत न देणारा शेजारी. मैदानावर मात्र तीच पदवी होते. विकेट न फेकणारा, समोरच्याला एक धाव फुकट न देणारा, सामना हातातून गेला तरी ड्रॉसाठी दात-ओठ खाऊन उभा राहणारा. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग १५ वर्षं रणजी करंडक मुंबईकडे होता. एकूण विजेतेपदं ४२, त्यातलं बेचाळिसावं मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर विदर्भाला हरवून. एवढं यश समोर दिसलं की कारण शोधायचा कंटाळा येतो आणि माणूस म्हणून मोकळा होतो, 'मुंबईकराचा पिंडच तो.'

पिंडाचं राहू द्या, आधी मैदान बघा. आझाद मैदानावर एकाच वेळी डझनावारी सामने चालतात. एका सामन्याचा लाँगऑन दुसऱ्याच्या स्लिपला पाठ लावून उभा असतो. तिथे खेळायला येणारा पोरगा पहाटे कल्याण नाहीतर विरारहून निघतो. खांद्यावर किटबॅग, डब्यात शिरताना ती बॅग आधी आत ढकलायची आणि मग स्वतः शिरायचं, शिव्या खायच्या. दोन तास असे घालवून तो मैदानावर पोहोचतो आणि दुसऱ्या चेंडूवर आऊट होतो. मग दिवसभर उन्हात फिल्डिंग. संध्याकाळी तीच बॅग, तीच गाडी. पुढची इनिंग आठवड्याने, तीही संघात नाव राहिलं तर. त्याच्या जागेवर डोळा ठेवून बारा जण कट्ट्यावर बसलेले असतात. आता सांगा, असा पोरगा ऑफस्टंपबाहेरच्या चेंडूला बॅट का लावेल? तुम्ही-आम्ही तरी लावू का? यात खडूसपणा किती आणि साधा हिशेब किती?

त्यात कांगा लीग. १९४८ पासून चालत आलेली, डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाची, मुद्दाम पावसाळ्यात खेळायची स्पर्धा. मी एका खालच्या डिव्हिजनच्या क्लबकडून तीन मोसम त्यात चिखल तुडवलाय. माझी सर्वोच्च धावसंख्या विचारू नका. पण त्या खेळपट्टीवर उभं राहिल्याशिवाय 'टेंपरामेंट' या विषयावर कुणी बोलू नये, असं माझं मत आहे. एक चेंडू घोट्याशी सरपटतो, त्याच टप्प्यावरचा पुढचा हनुवटीला येतो. मैदानावर गवत इतकं वाढलेलं की जमिनीवरून मारलेला सणसणीत ड्राइव्ह तीस यार्डांत झोपी जातो. म्हणून चांगले बॅट्समन तिथे दोन गोष्टी शिकायचे. शेवटच्या क्षणापर्यंत चेंडू बघून बॅट मऊ हाताने धरायची, आणि मारायचंच ठरवलं तर गवताच्या वरून, निःशंक मारायचं. म्हणजे एकच मैदान एकाच माणसाला संयम आणि बेधडकपणा दोन्ही शिकवत होतं. त्याला तुम्ही कोणत्या स्वभावाच्या खान्यात घालणार?

सुनील गावसकरांच्या दोन इनिंग शेजारी शेजारी ठेवून बघा. ७ जून १९७५, लॉर्ड्स, पहिल्या विश्वचषकाचा पहिला दिवस. इंग्लंडच्या ६० षटकांत ४ बाद ३३४. उत्तरादाखल गावसकर सलामीला आले आणि ६० षटकं संपली तेव्हाही नाबादच होते : १७४ चेंडूंत ३६. त्या खेळीवर आजही शिव्याशाप चालू असतात. आता ३१ ऑक्टोबर १९८७, नागपूर, न्यूझीलंडविरुद्ध. अंगात ताप. गटात ऑस्ट्रेलियाच्या वर जायचं तर नुसतं जिंकून चालणार नव्हतं, भराभर जिंकायचं होतं. गावसकर ८८ चेंडूंत नाबाद १०३. माणूस तोच, उलट बारा वर्षांनी वय वाढलेला, निवृत्तीच्या दारात उभा. यातला खरा गावसकर कोणता? आणि १९८१ मध्ये मेलबर्नला पायचीत दिल्यावर संतापून जोडीदार चेतन चौहान यांनाही मैदानाबाहेर घेऊन निघालेला माणूस तिसराच कुणी होता का? अख्खी कारकीर्द ज्याच्या एकाग्रतेचे दाखले देण्यात गेली, तोच तो.

आणि पुढची पिढी घ्या. बोरिवलीत वाढलेला रोहित शर्मा एकदिवसीय सामन्यांत तीन द्विशतकं ठोकतो. सूर्यकुमार यादव मैदानावर आडवा पडून फाइन लेगवरून षटकार मारतो. हे पण मुंबईचेच, याच मैदानांवर वाढलेले. मग मुंबईचा पिंड एका पिढीत बदलला का? पाणी तर अजून त्याच तलावांतून येतं. बदलला तो हिशेब. पूर्वी विकेट फेकली की आठवडा गमवावा लागायचा, आता वीस षटकांत विकेट राखून ठेवली तर सामना गमवावा लागतो. ज्या खेळाचे नियम जे वागणं फायद्याचं ठरवतात, ते वागणं त्या खेळातली माणसं शिकतात, आणि आपण मागाहून त्याला स्वभाव म्हणतो.

मानसशास्त्रज्ञांनी हा प्रश्न साठ-सत्तर वर्षं चघळलाय. अमेरिकेत १९६० च्या दशकात ब्रूस ओगिल्व्ही आणि थॉमस टुटको या सॅन होजेच्या दोन प्राध्यापकांनी खेळाडूंचा स्वभाव मोजणारी प्रश्नावली तयार केली. जिद्द, आक्रमकपणा, मनाचा कणखरपणा, सरांचं ऐकण्याची तयारी, सगळ्याला आकडे. व्यावसायिक संघांनी ती उत्साहाने वापरली. त्या रकान्याचे पूर्वज तिथे सापडतात म्हणा ना. पुढे याच दोघांनी १९७१ मध्ये लिहिलं की खेळामुळे चारित्र्य घडतं या समजुतीला आधार मिळत नाही. घडतं ते वेगळंच : प्रत्येक पायरीवर चाळणी लागते, ज्यांना ती सोसत नाही ते गळतात, आणि वर उरलेल्यांकडे बोट दाखवून आपण म्हणतो, बघा खेळाने यांना कसं कणखर केलं. गळून गेलेल्यांची मोजणी कुणी करत नाही.

त्याआधी १९६८ मध्ये वॉल्टर मिशेल यांनी सगळ्याच स्वभावचाचण्यांवर प्रश्नचिन्ह लावलं होतं. माणूस एका प्रसंगात जसा वागतो तसाच दुसऱ्यात वागेल हे या चाचण्यांवरून फारसं सांगता येत नाही, हा त्यांचा मुद्दा. त्यावर पुढे भरपूर वाद झाले, मानसशास्त्र पुढे सरकलं, आज स्वभावाचे पाच मोठे पैलू मानले जातात : बहिर्मुखता, नेटकेपणा, सौहार्द, नव्याची ओढ, आणि मनाची अस्थिरता. हे पैलू थोतांड नाहीत. माणूस किती व्यायाम-हालचाल करतो याच्याशी त्यातल्या दोघांचा, बहिर्मुखतेचा आणि नेटकेपणाचा, संबंध पुन्हा पुन्हा सापडतो. पण किती? सहसंबंधाचा आकडा ०.२ च्या आसपास. संख्याशास्त्रात या आकड्याचा वर्ग करतात, तो होतो ०.०४. म्हणजे रुपयातले चार पैसे स्वभावाचे. उरलेल्या शहाण्णव पैशांत घर, शाळा, मैदान, पैसा, मित्र, सर, तब्येत आणि नशीब. चार पैशांवरून रुपयाचा भाव ठरवणाऱ्याला बाजारात कुणी उभं करणार नाही, ट्रायलला मात्र खुर्ची देतात.

मग स्वभाव नसतोच का? असतो ना. एकाच घरातल्या दोन भावांत एक पाहुणे आले की गाणं म्हणून दाखवतो, दुसरा कपाटामागे. सांगितलेला सराव न चुकता करणारी मुलं आणि दांड्या मारणारी मुलं यांत फरक असतो, आणि तो पुढे खेळात उतरतो. हे मी नाकारत नाही. पण हा फरक कुठे दिसतो? सहा महिन्यांच्या हजेरीपटात दिसतो. पाऊस असूनही कोण आलं, हरल्यानंतरच्या सोमवारी कोण आलं, यात दिसतो. बारा चेंडूंत दिसत नाही. बारा चेंडूंत दिसते ती भीती, आणि भीती कुणालाही वाटते.

बरं, त्या भीतीचा स्वभावाशी संबंध किती आणि जन्मतारखेशी किती? सरांच्या कागदावर जन्मतारखेचा रकाना होता, पण टेंपरामेंटच्या रकान्याशी तो कुणी ताडून पाहिला नसणार. एकाच वयोगटात जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला अशी दोन मुलं असतात. बाराव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे चार बोटं उंची, भरलेले खांदे, आणि वर्षभर जास्त खाल्लेला मार. कॅनडात १९८५ मध्येच आइस हॉकीच्या मुलांबाबत हे दाखवून दिलं गेलं : निवडलेल्यांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा. मोठा मुलगा निर्धास्त दिसतो, निर्धास्त दिसतो म्हणून निवडला जातो, निवडला जातो म्हणून जास्त खेळतो, आणि जास्त खेळतो म्हणून खरोखरच निर्धास्त होतो. तीन वर्षांनी सर सांगायला मोकळे, 'मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं.'

स्वतःची बॅट, मापाचे पॅड, सरांशी इंग्रजीत दोन वाक्यं बोलण्याची सवय, मोटारीतून उतरताना बरोबर आलेले आईवडील, या सगळ्यांतूनही 'कॉन्फिडन्स' दिसतो. उसने पॅड बांधून आलेला पोरगा त्या पॅडचा पट्टा सुटेल या धास्तीतच धाव घेतो, आणि कागदावर 'नर्व्हस' लिहिलं जातं. मुलींच्या बाबतीत तर शेरा आधीच तयार असतो : भिडस्त.

स्वभावाचे शब्द धूसर असतात, आणि धूसर शब्दांमागे काहीही लपतं. बाळू पालवणकरांची आठवण यासाठीच येते. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी बनवणारा आणि नेटमध्ये गोलंदाजी टाकणारा हा चर्मकार समाजातला माणूस. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. धर्मावर संघ पाडण्याच्या त्या काळात हिंदूंच्या संघाचा तो वर्षानुवर्षं आधार होता, पण कर्णधारपद त्याला कधी मिळालं नाही. १९२३ मध्ये ते धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं, तेही बराच झगडा झाल्यावर. कारण जातीचं होतं, सगळ्यांना माहीत होतं. आज कुठलीही निवड समिती असं कारण तोंडावर आणणार नाही. पण 'नेतृत्वगुण', 'ॲटिट्यूड', 'बॉडी लँग्वेज' हे शब्द हाताशी असले की खरं कारण बोलून दाखवावं लागत नाही. बाद झालेल्याला अपीलही करता येत नाही. तीस यार्डांची धाव किती सेकंदांत हे तपासता येतं; 'आतून मऊ' कसं तपासणार?

आता ज्यांनी जिंकून दाखवलं त्यांच्याकडे बघू, कारण टेंपरामेंटवाल्यांचा शेवटचा आधार तोच असतो. १ ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिंपिक. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, तेव्हा मध्य रेल्वेत टीसी असलेला स्वप्नील कुसाळे नेमबाजीतल्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह ब्राँझ जिंकला. लगेच सगळीकडे 'धोनीसारखा थंड'. धोनी त्याचा आदर्श आहे हे खरं, त्याने स्वतःच सांगितलंय. पण हाच थंड माणूस वर्षभरही झालं नव्हतं तेव्हा हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत वैयक्तिक अंतिम फेरीत आघाडीवर होता, उभ्याने झाडलेली एक गोळी घसरली आणि तो चौथा आला. त्या संध्याकाळी कुणी त्याचा टेंपरामेंटचा रकाना भरला असता तर किती भरला असता? पॅरिसला त्याचा स्वभाव बदलला नव्हता. त्याला पुन्हा उभं राहायला मिळालं होतं, इतकंच. आणि २००९ मध्ये शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत पाय ठेवल्यापासून पंधरा वर्षं तो उभाच होता.

त्याहून बोलकं उदाहरण जेमिमा रॉड्रिग्जचं. २०२५ चा महिला क्रिकेट विश्वचषक. सूर हरवलेला, इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात तिला बाहेर बसवलं. मग परत घेतलं. ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर उपांत्य सामना, समोर ऑस्ट्रेलिया, लक्ष्य ३३९. तिसऱ्या क्रमांकावर जायचंय हे तिला मैदानात उतरण्याच्या काही मिनिटं आधी कळलं. तिने १३४ चेंडूंत नाबाद १२७ केल्या, सामना काढला, आणि नंतर पत्रकारांसमोर बसून डोळ्यांतलं पाणी न लपवता सांगितलं की या स्पर्धेत ती चिंतेने पोखरून निघाली होती, आईला फोन करून रडत होती. पाच पैलूंच्या चाचणीत 'मनाची अस्थिरता' या नावाने जे मोजतात, त्या चाचणीत त्या आठवड्यात तिचा आकडा किती आला असता? आमच्या सरांच्या कागदावर १ तरी मिळाला असता का? ती आतून मऊ होती, आणि बाहेर चेंडू बॅटच्या मधोमध लागत होता. दोन्ही एकदम खरं असू शकतं, हे ट्रायलच्या टेबलाला मान्य नाही.

त्या संघाचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार. रणजी पदार्पणात २६०, प्रथम श्रेणीत ११ हजारांहून जास्त धावा, २००६-०७ मध्ये मुंबईला रणजी जिंकून दिली, आणि भारताकडून एकही सामना नाही. मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण बसलेले, जागा कुठून येणार? डावखुरे फिरकीपटू पद्माकर शिवलकर तसेच : ५८९ बळी, कसोटी शून्य, कारण त्याच जागेवर बसलेले डावखुरे फिरकीपटू बिशनसिंग बेदी. या दोघांच्या टेंपरामेंटला तुम्ही पाचपैकी किती द्याल? जागा किती आहेत, यावर बरंच काही ठरतं. स्वभावाची गोष्ट आपण निकाल लागल्यावर बसून रचतो, जिंकला तर जिगर, हरला तर कच खाल्ली.

याच्याच पाठीवर दुसरी समजूत स्वार होते, खेळला की माणसात खिलाडूवृत्ती येते. २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या उपांत्य कुस्तीत निकालावरून पंचाला लाथ बसली, आणि मल्लाला तीन वर्षांची बंदी. लाथ चूकच, बंदीही योग्य. पण लगेच 'पैलवानकीचे संस्कार कुठे गेले' असा जो गळा काढला गेला तो मला पटत नाही. तालमीतला पोरगा दूध-बदाम-तुपाच्या उधारीवर वाढतो, नोकरी, मानधन, गावातली मिरवणूक असं सगळं एका कुस्तीच्या एका निकालावर टांगलेलं असतं. तिथे पंचाच्या निर्णयाबद्दल शंका आली तर दाद मागायची चोख व्यवस्था हवी. ती नसेल तर संस्कारांनी किती वजन पेलायचं?

आपल्या गल्लीतल्या खेळाला मात्र हे शहाणपण केव्हापासून माहीत आहे. रडणाऱ्याला आपण चिडवतो, 'रडीचा डाव खडी', 'चिडका बिब्बा'. पण त्याच गल्लीत एक सोयही असते : लिंबूटिंबू. धाकटं भावंड खेळायला घ्यावंच लागतं, आईचा हुकूम असतो. मग त्याला लिंबूटिंबू करायचं. ते आऊट झालं तरी आऊट नाही, त्याच्यावर राज्य येत नाही, पण पळायला, लपायला, बॅट धरायला सगळ्यांबरोबर. महिना-दोन महिने असं खेळल्यावर एक दिवस तेच पोर फणकारून सांगतं, 'मी लिंबूटिंबू नाय, माझा पण आऊट धरायचा.' भीड चेपल्याचं याहून मोठं प्रमाणपत्र मी बघितलेलं नाही. आणि ते देण्यासाठी कुणी त्याची स्वभावचाचणी घेतलेली नसते. चुकायची मुभा देऊन खेळवलेलं असतं, बस.

आपल्या ट्रायलमध्ये नेमकी हीच सोय नाही, आणि पणाला मात्र बरंच काही लागलंय. दहावी-बारावीला क्रीडा गुण, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण, अकादमीची फी, पालकांची सुट्टी. जितकं जास्त पणाला, तितका पोराच्या हाताला घाम. या धास्तीवर धंदेही उभे राहिलेत. बोटांचे ठसे घेऊन तुमच्या मुलाचा स्वभाव कुठल्या खेळाला योग्य हे सांगणारी दुकानं शहराशहरांत आहेत, हजारोंनी पैसे घेतात आणि वर रंगीत फाइल देतात. त्याला शास्त्रीय आधार नाही. पत्रिका निदान स्वस्त पडायची.

सरांना मी हे सगळं नाही सांगितलं, त्यांच्या मागे रांग होती. पण एक हिशेब घरी येऊन मांडला. १४० मुलं, प्रत्येकी ट्रायल फी ५०० रुपये, म्हणजे ७० हजार. तेवढ्यात तेच मैदान आणखी दोन सकाळी सहज मिळालं असतं. तीन वेगवेगळ्या दिवशी प्रत्येकाला बारा-बारा चेंडू, आणि पहिल्या दिवसाचे गुण धरायचे नाहीत. पहिला दिवस लिंबूटिंबू. तिसऱ्या दिवशी सरांनी जे बघितलं असतं ते त्या मुलाच्या खेळाच्या जास्त जवळचं असतं, निवड तेव्हाही झाली नसती कदाचित, पण ती खेळाची निवड असती. टेंपरामेंटचा रकाना ठेवायचाच हट्ट असेल तर तो अकादमीत घेतल्यावर सहा महिन्यांनी भरा, हजेरीपट शेजारी ठेवून. आणि नाकारलेल्यांना पुढच्या मोसमात न मागता परत बोलवा. खर्च एका पोस्टकार्डाचा, आता तर व्हॉट्सॲपचा.

भाचा सध्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये टेनिस बॉलने खेळतो. परवा मी गॅलरीतून बघत होतो. पहिल्याच चेंडूवर बोल्ड झाला, बॅट न सोडता ओरडला, "ट्राय बॉल होता!" गोलंदाज नाही म्हणाला, हा हो म्हणाला, पाच मिनिटं भांडण चाललं, शेवटी याचं खरं ठरलं. मग अर्धा तास त्याला कुणी आऊट करू शकलं नाही. त्या ट्रायलचा कागद मी मोबाइलमध्ये काढून ठेवलाय. अकरा रकाने आहेत. मुलाला किती चेंडू खेळायला मिळाले, याचा एकही नाही.